प्राथमिक शाळेची परीक्षा : पंतोजींपासून आजपर्यंत

मराठी मुलुखातील एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे दप्तर उघडून पाहिले, तर त्यात बहुधा तीन वह्या सापडतात. एक मुलांच्या नावांचे दाखल-खारीज रजिस्टर, दुसरा हजेरीपट, आणि तिसरे तपासणीस आलेल्या अंमलदारांचे शेरेबुक. मूल कधी आले, किती दिवस आले, कधी गेले, आणि शाळेविषयी साहेबांचे मत काय झाले, एवढे या वह्या आपणांस सांगतात. परंतु मुलाने त्या शाळेत बसून काय केले, पहिले अक्षर त्याला कसे साधले, कोणत्या हिशेबाशी ते अडले, स्वतःच्या मनाने त्याने काय लिहिले, हे त्यांत कोठेच नसते. ते सारे पाटीवर होते, आणि पाटी रोज पुसली जाते.

शाळेचा इतिहास लिहिणाऱ्याची ही मोठीच अडचण आहे. तहनामे, सनदा, जमाखर्चाची कागदपत्रे लोक पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात; मुलाची पाटी कोण जपणार? म्हणून शिक्षणाचा इतिहास हा पुष्कळदा कायद्यांचा, कमिशनांचा आणि आकड्यांचा इतिहास होऊन बसतो. आज थोड्या निराळ्या वाटेने जावे असे मनात आहे. गेल्या दोनशे वर्षांत आपल्या प्राथमिक शाळेच्या वर्गात प्रत्यक्ष काय चालत असे, आणि ‘मुलाला आले’ हे कोणत्या कसोटीने ठरत असे, एवढेच आपण पाहू. वरवर पाहता या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. परंतु जुना वृत्तांत चाळू लागले म्हणजे ध्यानात येते, की दुसरीवरूनच पहिली ठरते. अखेरीस जे विचारले जाणार, तेच वर्षभर शिकविले जाते. तेव्हा विचारणारा कोण, आणि तो काय विचारतो, हा या साऱ्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्याकडे शाळाच नव्हत्या, हा समज खरा नाही. मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट नावाच्या सभासदाने १८२१ साली नमूद करून ठेवले आहे, की आपल्या मुलुखात जिथे एकही शाळा नाही असे लहानमोठे गाव विरळाच. यात थोडी अतिशयोक्ती असेल. तथापि शाळा होत्या आणि पुष्कळ होत्या, यात संशय नाही. शाळा म्हणजे कोणा सावकाराच्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, नाहीतर पंतोजींच्या घरचीच पडवी. इयत्ता नाहीत, वेळापत्रक नाही, छापील पुस्तक नाही. दसऱ्याला किंवा एखाद्या शुभमुहूर्तावर मुलाला आणून बसवावयाचे, पाटीपूजन करावयाचे आणि ओनामा घालून द्यावयाचा. मूल प्रथम लाकडी पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवी. ‘धुळाक्षरे’ हा शब्द आपल्या भाषेत आला तो येथूनच. पुढे बोरू आणि शाई हाती येई, आणि कित्त्यावरून मोडी अक्षर वळविण्याचे काम सुरू होई. थोडी मोठी झालेली मुले धाकट्यांना सांगत, पंतोजी फिरून पाहत, आणि चुकणाऱ्याच्या वाट्याला छडी, अंगठे धरून ओणवे उभे राहणे असे प्रकार येत.

या शाळेचा खरा कणा म्हणजे हिशेब. साधे पाढे झाले की अपूर्णांकांचे पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनांची औटकी. दिवस मावळता मुले एका सुरात त्यांचा परवचा म्हणत. आज आपल्याला हे निव्वळ घोकंपट्टीचे काम वाटते. परंतु त्या काळच्या बाजारात जाऊन उभे राहा. अडीच आणे शेर भावाने साडेसात शेर गुळाचे किती झाले? ज्याला अडीचकी येते तो सात अडीच साडेसतरा, त्यात अर्ध्या शेराचा सव्वा मिळवून पावणेएकोणीस आणे, म्हणजे एक रुपया पावणेतीन आणे, असा हिशेब उभ्या उभ्या करतो. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण आणि पाव-निम्म्याची मापे ज्या बाजारात चालतात, त्या बाजारात पावकी-निमकी हे पोटापाण्याचे हत्यार होते.

म्हणूनच या शाळेत वार्षिक परीक्षा नसे. परीक्षा बाहेर होती आणि ती रोज होती. घरी आलेले पत्र मुलाने खडखडीत वाचले, दुकानाची कीर्द-खतावणी त्याला लिहिता आली, सावकाराचे व्याज त्याने बरोबर काढले, की बापाने समजावे मुलगा तयार झाला आणि त्याला शाळेतून काढावे. कसोटी बाजाराची होती आणि शिक्षणही बाजाराजोगे होते. याचा पुरावा पुढच्या काळात फार गमतीने मिळाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि ज्या पावकी-निमकीला पुढे शंभर वर्षांच्या शिक्षणखात्यानेही हलविले नव्हते, ती पाहता पाहता शाळेतून निघून गेली. बाजाराने विचारणे सोडले, तसे शाळेने शिकविणे सोडले.

या जुन्या शाळेचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. तिचा बाजार सर्वांचा नव्हता. कुळकर्ण्याचा, वाण्याचा, सराफाचा मुलगा तेथे बसे. कुणब्याची मुले क्वचित येत. मुलींना लेखन-वाचन शिकविण्याचा प्रश्नच कोणाला पडत नसे, आणि महारामांगांच्या मुलांना तर ओसरीची पायरीही बंद होती. ज्यांच्याकडून समाजाने जन्मभर फक्त कष्टाची अपेक्षा केली, त्यांना अक्षर विचारावयाचे कोणालाच कारण नव्हते. ज्याला विचारावयाचे नाही त्याला शिकवावयाचे नाही, हाच नियम येथेही लागू झाला.

पेशवाई गेल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या पाठिंब्याने मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. मंडळीने देशी शाळांची पाहणी केली आणि चार उणिवा दाखविल्या : पुस्तके नाहीत, शिकविण्याची नीट रीत नाही, तयार शिक्षक नाहीत, आणि पैसा नाही. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने मराठी जाणणाऱ्या पंडितांच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली, शिक्षक तयार केले, आणि १८२६ साली या शिक्षकांची पहिली तुकडी दक्षिण आणि कोकणात शाळा काढण्यास निघाली.

या नव्या शाळांतील ‘नवी’ रीत कोणती होती, हे पाहण्याजोगे आहे. हुशार मुलाने इतर मुलांस शिकवावे, एका मास्तराने अशा मुलांच्या मार्फत मोठा वर्ग चालवावा, अशी ही रीत. ती विलायतेहून आली असे सर्वांस वाटे. परंतु विलायतेत ती नेली कोणी? अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री १७८९ च्या सुमारास मद्रासेस आला. तेथील सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा त्याच्याकडे होती. देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत आहेत आणि मोठी मुले धाकट्यांना शिकवीत आहेत, हे त्याने पाहिले, आपल्या शाळेत तसे करून पाहिले, आणि १७९७ साली मायदेशी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे बेल आणि लँकास्टर यांच्या नावांनी ही पद्धत इंग्लंडभर पसरली. धुळाक्षरांची आपलीच शाळा समुद्रपर्यटन करून, अंगात विलायती डगला घालून परत आली.

खरोखर नवे असे जे आले ते छापील पुस्तक. पुस्तकामागोमाग परीक्षा आली, कारण पुस्तक सर्वांना सारखे असले म्हणजे प्रश्नही सर्वांना सारखे घालता येतात. त्या काळात परीक्षा हा जाहीर समारंभ असे. मुंबईस गव्हर्नर, शेठसावकार, साहेबलोक जमत. मुलांना उभे करून वाचावयास लावीत, हिशेब घालीत, नकाशावर शहरे दाखवावयास सांगत, आणि बक्षिसे वाटीत. यात थोडा देखावा होता हे खरे. परंतु पुढे परीक्षेला जे बंद दाराआडचे स्वरूप आले, त्याच्या मानाने या पद्धतीत एक मोठा गुण होता. गावाला आपली शाळा डोळ्यांनी पाहता येई आणि मुलांचे कानांनी ऐकता येई.

या जाहीर परीक्षेचा सर्वांत तेजस्वी प्रसंग पुण्यात घडला. १८४८ साली जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. ती शाळा विरोधामुळे काही काळाने बंद पडली. परंतु ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकरांच्या वाड्यात पुन्हा शाळा उघडली, आणि थोड्याच अवधीत आणखी दोन शाळा निघाल्या. या शाळांतून मुलींना वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल आणि इतिहास असे विषय शिकवीत. सावित्रीबाई रस्त्याने शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला जाई, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण त्याच शहरात १२ फेब्रुवारी १८५३ रोजी काय घडले ते तितकेसे सांगितले जात नाही. त्या दिवशी फुल्यांच्या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा झाली. परीक्षेस २३७ मुली बसल्या होत्या, आणि ती पाहण्यास सुमारे तीन हजार लोक लोटले होते असे तत्कालीन वृत्तांत सांगतो.

हे दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. मुलीने अक्षर ओळखले तर नवरा मरतो, असे म्हणणारे लोक अजून पेठांतून हिंडत होते. त्या पेठांतलेच हजारो लोक उन्हात उभे राहून मुली वाचतात कशा हे ऐकत होते. काही कौतुकाने आले असतील, काही थट्टा करण्यास आले असतील, पुष्कळसे केवळ कुतूहलाने आले असतील. परंतु शहराने प्रथमच मुलींना काही विचारले होते, आणि मुलींनी उत्तरे दिली होती. शाळेच्या बाजूने केलेल्या शंभर व्याख्यानांनी जे काम झाले नसते ते या एका दुपारी झाले.

याच शाळांतील बक्षीससमारंभाची एक हकीकत सांगतात. बक्षीस घेण्यास उठलेली एक मुलगी पाहुण्यांना म्हणाली, की आम्हांला खाऊ नको, खेळणी नकोत. आमच्या शाळेला पुस्तकालय द्या. हकीकत तोंडोतोंडी चालत आलेली असल्याने तिचे शब्द जसेच्या तसे असतील असे नाही. तथापि ती इतकी वर्षे टिकली याचे कारण तिच्यातील अर्थात आहे. परीक्षकाने मुलीला किती येते ते विचारले. मुलीने उलट शाळेला काय हवे ते सांगितले. परीक्षा देणाऱ्याने परीक्षकाचीच परीक्षा घेतल्याचा हा प्रसंग आहे.

आणि याहून मोठी गोष्ट अजून पुढेच होती. आरंभी मी म्हटले, की मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेले काही इतिहासात सहसा उरत नाही. जे थोडे उरले आहे, त्यात एका मुलीचा निबंध आहे. तिचे नाव मुक्ता साळवे. मांग जातीतील ही चौदा वर्षांची मुलगी फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकली होती. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्राने १८५५ साली, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापला. १८४२ साली अहमदनगरास सुरू झालेले हे मिशनऱ्यांचे पत्र तो छापावयास पुढे आले, आणि म्हणून आज तो आपल्या हाती आहे.

या निबंधात काय आहे? बाजीरावाच्या राज्यात आपल्या लोकांचे कसे हाल होत, याचे वर्णन आहे. तालीमखान्यासमोरून जाण्याचीही ज्यांना चोरी, इमारतींच्या पायांत ज्यांना गाडीत, त्यांच्या घरची ही मुलगी ते सारे नाव घेऊन सांगते. प्रसूत होणाऱ्या आपल्या बायांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे ती लिहिते. आणि मग ती एक प्रश्न घालते, ज्याला उत्तर देणे त्या काळच्या मोठमोठ्या शास्त्र्यांनाही जड गेले असते. वेद जर ब्राह्मणांचेच, आणि आम्हांला त्यांकडे पाहण्याचाही अधिकार नाही, तर त्या वेदांचा धर्म आमचा कसा? मग आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती थेट देवालाच विचारते. शेवटी आपल्या लोकांना ती सांगते, की या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

तीन वर्षांच्या प्राथमिक शिक्षणाची ही कमाई आहे. या निबंधाला गुण किती द्यावयाचे? शुद्धलेखनाचे किती, व्याकरणाचे किती? हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो, कारण अक्षर ज्या कामासाठी शिकावयाचे ते काम येथे झालेले आहे. पंतोजींच्या शाळेतील मुलगा लिहावयास शिकला आणि दुसऱ्याचा हिशेब लिहू लागला. मुक्ता लिहावयास शिकली आणि तिने स्वतःच्या लोकांचा हिशेब समाजापुढे मांडला. आपल्या प्राथमिक शाळांच्या दोनशे वर्षांच्या यशाची यादी करावयास कोणी बसला, तर त्याने पहिली ओळ येथून लिहावी असे मला वाटते.

यानंतरचा काळ हा व्यवस्थेचा काळ आहे. १८५४ साली वुडचा खलिता आला, पुढच्याच वर्षी शिक्षणखाते उघडले. मेजर कँडीच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. इयत्ता ठरल्या, तास ठरले, घंटा आली. शाळा वाढल्या आणि त्या गावोगाव पोचल्या, हे या खात्याचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु शाळा वाढल्या तसा सरकारला प्रश्न पडला, की दिलेल्या पैशाचे काम झाले की नाही हे कसे ओळखावे?

याचे एक उत्तर इंग्लंडात १८६२ साली निघाले होते. रॉबर्ट लो याने असा नियम केला, की इन्स्पेक्टराने शाळेत जावे, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांत परीक्षा घ्यावी, आणि जितकी मुले जितक्या विषयांत उतरतील त्या मानाने शाळेला अनुदान द्यावे. निकाल तसे दाम. ऐकावयास हे किती चोख वाटते! परंतु परिणाम असा झाला, की मास्तर वर्षभर तेवढे एकच पुस्तक घोकून घेऊ लागले. इतिहास, भूगोल, गाणे, चित्रकला ही पैसे न देणारी कामे मागे पडली. मॅथ्यू आर्नल्ड हा विख्यात कवी स्वतः शाळांचा इन्स्पेक्टर होता, आणि या नियमाने शिक्षणातील जीवच काढून घेतला अशी त्याची तक्रार होती. शतक संपण्यापूर्वी इंग्लंडाने हा नियम टाकून दिला. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाचे नियम याच तत्त्वावर बेतले गेले, आणि १८८२ च्या हंटर कमिशनने कॉलेजांना हे तत्त्व लावू नये असे म्हटले, तरी प्राथमिक शाळांच्या बाबतीत मात्र त्याची शिफारस कायम ठेवली. मोठ्यांना जे अपायकारक ते लहानांना कसे मानवणार, याचा विचार झालेला दिसत नाही.

येथून ‘डिपोटीसाहेब’ हे पात्र आपल्या खेड्यांच्या जीवनात शिरले. साहेब येणार अशी वर्दी आली की शाळा सारवावयाची, भिंतीला चुना लावावयाचा, मुलांना आंघोळ घालून आणावयाचे, आणि धड्यांवरचे ठराविक प्रश्न पुन्हा पुन्हा घोकून घ्यावयाचे. हुशार मुले पुढे, कच्ची मागे. साहेब तासा-दोन तासांत परीक्षा घेई, शेरेबुकात चार ओळी लिही आणि पुढच्या गावास जाई. मास्तरची बढती, बदली आणि गावातील अब्रू त्या चार ओळींवर लटकलेली असे. अशा दिवशी मुलांना जे येत होते ते दाखविण्यापेक्षा जे येत नव्हते ते झाकण्याचीच कसरत अधिक होई. मास्तरांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्याला वर्षातून एकदाच आणि ठरलेलेच विचारले जाते, त्याने आणखी काय करावे?

या दुखण्याचे निदान त्याच वेळी एका माणसाने केले होते, आणि तो पुन्हा जोतीराव फुलेच. हंटर कमिशनपुढे त्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेले निवेदन प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण काही अंशी सक्तीचे करावे ही त्यांची मागणी सर्वश्रुत आहे. परंतु वर्गाविषयी त्यांनी जे सांगितले ते अधिक सूक्ष्म आहे. शिक्षक तयार केलेले असावेत, आणि त्यांना निदान बारा रुपये तरी पगार असावा. मुलांना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य शिकवावे. आणि तपासणीविषयी ते म्हणतात, की वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीचा काही उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि तीही आगाऊ वर्दी न देता. चुना लावलेली भिंत पाहून कोणी शाळा ओळखू नये, रोजचा वर्ग पाहावा, हा त्यातील आशय. ज्याने स्वतः शाळा चालविली त्यालाच ही मेख दिसू शकते.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. मुलाला काय येते यापेक्षा मूल शाळेत येते का, हा विचारण्याचा मुद्दा झाला. आणि तो होणे न्याय्यच होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि पुढे तो साऱ्या बडोदे राज्यास लावला. गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले, आणि ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय करून तो अमलात आणण्यास आरंभ केला. हजेरीपट भरू लागला. सातवीनंतरची ‘फायनल’ पास झाला की खेड्यातील मुलगा तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक होऊ शके, आणि अशा एका पोराच्या पासाने सारे घर वर येई. या परीक्षेला आज नाव ठेवण्यापूर्वी तिने किती घरांत पहिला पगार आणला हे आठवावे.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नयी तालीम पुढे आली. हाताच्या कामातून ज्ञान, ही तिची दिशा. कसोटी चांगली होती; परंतु जेथे ती समजून न घेता लावली तेथे टकळी हा आणखी एक विषय झाला, आणि साहेब धड्याबरोबर सूतही पाहू लागले.

खरा वेगळा वर्ग उभा राहिला तो ठाणे जिल्ह्याच्या त्या काळच्या आदिवासी भागात. गिजुभाई बधेका यांच्या सहकारी ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीस आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखावयास जातात, असे दिसले. तेव्हा मुलांना रागे न भरता या बायांनी शाळाच कुरणात नेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. माँटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया आणि पाने आली. गुरे चरताहेत, आणि झाडाखाली मुले बियांचे गट करून मोजताहेत. पंतोजींच्या शाळेला बाजार विचारीत होता, खात्याच्या शाळेला साहेब विचारीत होता; येथे शिक्षिकेने मुलालाच विचारले, की तुझा दिवस कसा जातो? उत्तर ऐकून शाळेने आपले रूप बदलले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. परंतु त्यांचा खरा गौरव म्हणजे कुरणात बसून मोजलेल्या त्या बिया.

आता आजच्या काळाकडे येऊ. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा अधिकार मिळाला. फुल्यांची मागणी कागदावर पुरी होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. आठवीपर्यंत कोणाला नापास करावयाचे नाही, असेही त्यात ठरले. त्यावर मोठा वाद झाला, आणि २०१९ साली दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. दोन्ही बाजूंचे लोक आवेशाने बोलले. परंतु परीक्षेत विचारावयाचे काय, याची चर्चा त्यामानाने फार थोडी झाली.

२००५ सालापासून ‘प्रथम’ या संस्थेचे लोक खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन एक साधी गोष्ट पाहतात : मुलापुढे एक उतारा ठेवावयाचा आणि वाच म्हणावयाचे. वर्षानुवर्षे या पाहणीतून दिसत आले आहे, की ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता येत नाही. हजेरीपट भरला, दाखल्यांवर इयत्ता चढत गेल्या, आणि अक्षर मात्र मागे राहिले. १८५३ सालच्या त्या परीक्षेशी या पाहणीचे एक नाते आहे. दोन्ही ठिकाणी कोणी तरी मुलासमोर बसून त्याचे वाचणे प्रत्यक्ष ऐकले.

आपण नागरिक शाळेला काय विचारतो, याचा येथे प्रत्येकाने विचार करावा. स्नेहसंमेलनास जातो, पोशाख आणि नाच यांचे कौतुक करतो. शिष्यवृत्तीच्या यादीत किती नावे आली ते पाहतो. टक्के विचारतो. जे विचारतो तेच आपल्याला मिळते, कारण शाळा ही विचारणाऱ्याकडे पाहूनच चालते. पंतोजींच्या काळी तसेच होते, डिपोटीच्या काळी तसेच होते, आणि आजही तसेच आहे. मुलाने या महिन्यात स्वतःच्या मनाने काय लिहिले, कोणता प्रश्न विचारला, पुस्तकालयातून कोणते पुस्तक नेले, शाळेत पुस्तकालय आहे तरी का, हे जर गावाने सातत्याने विचारले, तर वर्गातील काम त्या दिशेने वळल्याखेरीज राहणार नाही.

आणि हे विचारण्यासाठी आता कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. शिक्षणहक्काच्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमण्याची तरतूद केली आहे. तिच्यातील तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे त्यात लिहिले आहे. सरकारी शाळांतून ही समिती केवळ सल्ला देण्यापुरती नाही. शाळेच्या कामावर देखरेख ठेवण्याचा आणि शाळा विकासाचा आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. पुष्कळ गावांत या समितीची बैठक म्हणजे सह्यांचा कागद फिरविण्यापलीकडे काही नसते. ती बैठक वर्गात भरवावी. मुलांना वाचावयास सांगावे, त्यांनी लिहिलेले पाहावे, आणि शिक्षकाला काय हवे तेही विचारावे. दर तीन महिन्यांनी, आणि आगाऊ वर्दी न देता. फुल्यांनी सांगितलेला नेम अजून शिळा झालेला नाही.

शाळेच्या दप्तरात आणखी एका वहीची भर घालता येईल, अशी माझी सूचना आहे. वर्षाकाठी प्रत्येक मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेले एक पान त्या वहीत लावून ठेवावे. चुका असल्या तरी चालतील, अक्षर वाकडे असले तरी चालेल. ‘ज्ञानोदया’ने एका मुलीची पाने छापली म्हणून पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा एक वर्ग आज आपणांस बोलताना ऐकू येतो. आपल्या मुलांच्या वर्गात आज काय चालले आहे, हे पुढच्या पिढीला हजेरीपटावरून कळणार नाही. ते त्या पानांवरून कळेल. पाटी पुसली जाण्यापूर्वी निदान एक पान तरी उतरवून घेणे आपल्या हाती आहे.